नवा ब्रेक पाइप घातला तरी नटापाशी ऑइल झिरपतंय? आधी फ्लेअर तपासा, मग हत्यार निवडा

लक्षणं

गाडीखालचा लोखंडी ब्रेक पाइप बदललाय, नट आवळलाय, हवाही नीट काढलीय, तरी खालीलपैकी काहीतरी दिसत असेल तर हे तुमच्यासाठी आहे.

- नटाभोवती धूळ चिकटून काळं, ओलसर कडं धरलंय.
- डबीतल्या ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरतेय, पण जमिनीवर थेंब दिसत नाही.
- नट अजून थोडा आवळला की गळती काही दिवस थांबते आणि परत सुरू होते.
- सांध्याच्या खालच्या बाजूला चासीचा रंग फुगलाय किंवा सोलवटलाय. ब्रेक ऑइल रंग खातं.
- सकाळी पहिल्यांदा पेडल खोल जातं, दोन-तीनदा मारलं की वर येतं. (मागचे ड्रम ब्रेक ढिले असले तरी असं होतं, म्हणून एवढ्या एकाच लक्षणावर पाइपला दोष देऊ नका.)

आमच्या किनारपट्टीला हे दुखणं कायमचं आहे. मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरी, खाली गोव्यापर्यंत कुठेही जा. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यात पाइप पहिला सडतो तो क्लिपेखाली. लाल माती क्लिपेत जाऊन बसते आणि आतून सुकतच नाही. म्हणून पाइप बदलण्याचं काम इथे वारंवार निघतं, आणि बदललेला पाइप गळतो म्हणून गाडी परत येण्याचंही. परत आलेल्या गाड्यांत पाइप सहसा चांगला असतो. दोष टोकाच्या फ्लेअरमध्ये, म्हणजे पाइपाच्या फुलवलेल्या तोंडात असतो, आणि तो फ्लेअर तसा का झाला याचं उत्तर बहुतेक वेळा तो मारणाऱ्या हत्यारात सापडतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. सांधा ओला असताना गाडी रस्त्यावर काढू नका, गॅरेजपर्यंत सुद्धा नाही. जोरात ब्रेक मारला की या पाइपात शंभर बारच्या आसपास, कधी त्याहून जास्त दाब होतो. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज करा. आज पाझरणारा फ्लेअर घाटातल्या उतारावर एका दाबात फाटू शकतो. गाडी टो करून न्या, नाहीतर मेकॅनिकला घरी बोलवा.

पहिली तपासणी: गळतंय नेमकं कुठे?

खर्च शून्य, आणि नेमकी हीच पायरी सगळे गाळतात. ऑइल वरच्या सांध्यातून निघतं, पाइपावरून ओघळत येतं आणि खालच्या नटावर थांबतं. मग खालचा निर्दोष नट पुन्हापुन्हा आवळला जातो.

डॉट ३ आणि डॉट ४ ऑइल पाण्यात मिसळतं, त्यामुळे साध्या पाण्याने सांधा धुतला तरी चालतं. फक्त वायरिंगच्या कनेक्टरवर पाणी मारू नका. फडक्याने पुसून पूर्ण कोरडं करा. प्रत्येक नटाला टिश्यू पेपर गुंडाळा. इंजिन चालू ठेवून कोणालातरी पेडल जोरात दाबायला सांगा आणि अर्धा मिनिट तसंच धरून ठेवायला लावा. ओला झालेला कागद तुमचा सांधा दाखवतो. यावेळी गाडीखाली जायचं असेल तर गाडी स्टँडवरच हवी, नुसत्या जॅकवर नाही, आणि डोळ्यांना चष्मा हवा.

सगळे कागद कोरडे राहिले आणि तरीही पेडल हळूहळू फळीकडे जात असेल तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) आतल्या आत सोडतोय किंवा ड्रममधला व्हील सिलिंडर गळतोय. व्हील सिलिंडरच्या रबरी बुटाची कड उचलून बघा, आत ऑइल साठलेलं असेल. तसं असेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं नाही.

ऑइल नट आणि पाइपाच्या फटीतून येवो किंवा आट्यांतून, अर्थ एकच: आत फ्लेअर आणि सीट (भोकाच्या तळाची, फ्लेअर टेकतो ती जागा) यांचा मेळ बसलेला नाही. आटे ऑइल अडवत नाहीत. त्यांचं काम फक्त फ्लेअर सीटवर दाबून धरण्याचं. म्हणून टेफ्लॉन टेप, एम-सील, सीलंट यातलं काहीही इथे लावू नका. टेपचा तुकडा आत गेला तर तो एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक झडपांत अडकतो, आणि गळती राहते ती राहतेच.

दुसरी: सोडा आणि परत बसवा

नवा स्टीलचा फ्लेअर कधीकधी पहिल्या आवळण्यात नीट बसत नाही. नट अर्धा फेरा सोडा, परत आवळा. असं दोन-तीनदा करा. फ्लेअर सीटवर सरकून आपली जागा घेतो. यासाठी फ्लेअर नटाचा पाना लागतो. तो रिंग पान्यासारखाच, पण पाइप आत जाण्यापुरता एका बाजूने फटलेला असतो. साध्या फिक्स पान्याने हे मऊ नट गोल होतात. आकार बहुधा १० किंवा ११ मिमी.

जोर किती लावायचा? एम १० नटासाठी (आट्यांचा व्यास १० मिमी) साधारण १२ ते १८ न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंतिम. एवढ्यावर कोरडा झाला नाही तर अजून आवळून तो कोरडा होणार नाही. इथेच आवळणं थांबवा. चुकीच्या फ्लेअरवर जोर काढला की पाइप जातोच, शिवाय कॅलिपरची (चाकाशी ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) किंवा मास्टर सिलिंडरची सीट दबते, आणि तीनशे रुपयांचं काम काही हजारांवर जातं.

नट सोडला म्हणजे हवा आत गेली असं धरून चाला. शेवटी परत हवा काढावीच लागेल.

तिसरी: फ्लेअर डोळ्यांनी बघा

नट सोडून पाइप बाहेर काढा, उघड्या भोकाला स्वच्छ बूच लावा आणि फ्लेअर टॉर्चच्या उजेडात फिरवून बघा. जुना, कारखान्यातून आलेला पाइप फेकला नसेल तर त्याचं टोक शेजारी धरा. त्याच्याइतकं चांगलं मोजमाप दुसरं नाही, म्हणून जुना पाइप काम संपेपर्यंत ठेवावाच.

ओठ एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ दिसतोय? पाइप तिरका कापला होता, किंवा हत्यारातला दांडा मध्यावर उतरला नाही. ओठावर उभी चीर आहे? कापताना आलेली बुरी (कडेची धारदार कोर) काढली नव्हती, किंवा उलट, आतून इतकं खरवडलं की भिंतच पातळ झाली. साध्या स्टील पाइपाची भिंत जेमतेम ०.७ मिमी असते, तिच्यात खरवडायला फारसं काही नसतं. फ्लेअर जुन्यापेक्षा लहान आहे? दाब देताना पाइप पकडीतून मागे सरकला. फ्लेअरच्या मागे दातऱ्यांचे खोल ओरखडे आहेत? पकड निसटत होती आणि कोणीतरी ती पिळून घट्ट केली. त्या ओरखड्यांतून गंज पुन्हा सुरू होणार.

वरून सगळं ठीक दिसत असेल तर फ्लेअरच्या तोंडावर निळा मार्कर फिरवा. पाइप परत लावून हलका आवळा, न फिरवता सरळ बाहेर काढा. शाई पुसली गेलेलं एक अखंड, सारख्या रुंदीचं वर्तुळ दिसलं पाहिजे. वर्तुळ कुठे तुटलं असेल तर ऑइल तिथूनच येतंय. अगदी कडेला केसासारखी एकच बारीक रेघ उमटली असेल, तर फ्लेअर चांगला असूनही प्रकार चुकलाय. शाई ब्रेक क्लीनरने पुसा आणि पुढची तपासणी करा.

चौथी: भोकात बघा

मला सगळ्यात महत्त्वाची ही वाटते. ब्रेक पाइपाचे दोन फ्लेअर सर्रास सापडतात. डबल फ्लेअरमध्ये टोक ४५ अंशांत बाहेर उघडून कड आत दुमडलेली असते, त्यामुळे तोंडाशी धातूचे दोन थर येतात आणि तोंड आतल्या बाजूला खोलगट दिसतं. बबल फ्लेअर मशरूमच्या टोपीसारखा बाहेर फुगलेला असतो, आणि त्याची मागची बाजू जवळपास सपाट असते.

ओळख पाइपावरून करू नका, कारण आधीच्या माणसाने तोच चुकीचा केला असेल. कॅलिपर, होज किंवा मास्टर सिलिंडरच्या भोकात टॉर्च मारा. तळाशी मधोमध भोक असलेला, तुमच्याकडे तोंड करून उभा असलेला छोटा सुळका दिसला तर तिथे डबल फ्लेअर. सुळका नाही, तळ आतल्या बाजूला उतरत गेलेला खोलगट आहे, तर बबल.

जपानी वळणाच्या गाड्यांत बहुधा डबल सापडतो, युरोपीय गाड्यांत बबल. पण ‘बहुधा’वर ब्रेक बांधू नयेत. पार्ट बदलून बदलून जुन्या झालेल्या गाडीत एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा फ्लेअरही लागू शकतो, म्हणून प्रत्येक भोक वेगळं बघा.

नटाच्या आट्यांवर तर अजिबात जाऊ नका. एम १० बाय १.० (दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी) हा नट दोन्ही प्रकारांत चालतो, त्यामुळे डबल फ्लेअरचा पाइप बबलच्या भोकात छान आवळलाही जातो. पहिले काही दिवस कोरडाही राहतो. परत येणाऱ्या गाड्यांत सर्वाधिक वेळा सापडतो तो हाच घोटाळा.

आणखी एक गैरसमज काढून टाका. डबल फ्लेअर दोन टप्प्यांत होतो; पहिल्या टप्प्यात टोक फुगतं, दुसऱ्यात आत दुमडतं. पहिल्या टप्प्यावर थांबलं की बबल झाला, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. नाही होत. डबल फ्लेअरच्या डायची (पाइप पकडून टोकाला आकार देणाऱ्या साच्याची) मागची बाजू ४५ अंशांत उतरती असते, त्यामुळे फुग्याची पाठ सपाट येत नाही आणि बबलचा नट त्याला सारखा दाबू शकत नाही. बबलसाठी बबलचीच डाय हवी.

पाचवी: नट

बबलच्या नटाला टोकाशी बहुधा बिनआट्याचा थोडा भाग असतो आणि तोंड सपाट असतं. डबलच्या नटाला आटे टोकापर्यंत येतात. जुना नट जपून परत वापरणं उत्तम. तो गेला असेल तर लांबीही जुळवा, कारण लांब नट भोकाच्या तळाला आधी टेकतो आणि फ्लेअर ढिला राहतो.

इंची आटे ओळखायला शिका. तीन-अष्टमांश इंच, इंचाला २४ आट्यांचा नट ९.५ मिमीचा असतो आणि त्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.०६ मिमी. एम १० बाय १.० च्या भोकात तो आरामात शिरतो, काही फेरे फिरतोही, पण ढिला असतो आणि दाबाखाली आटे घेऊन बाहेर येऊ शकतो. जुन्या जीपमध्ये इंची नट निघतात आणि तेच डब्यात जाऊन पुढे कुठेही लागतात. नट बोटांनी चार-पाच फेरे सहज गेला पाहिजे आणि जाताना खुळखुळता कामा नये.

सहावी: पाइपच चुकीचा नाही ना?

चुंबक लावा. चिकटला तर स्टील. चिकटला नाही आणि पाइप लालसर असेल तर थांबा, तो एसीचा तांब्याचा पाइप असू शकतो. तांबं मऊ असतं, फ्लेअर सुंदर येतो आणि म्हणूनच फसायला होतं. सततच्या थरथरीने ते कडक होतं आणि फ्लेअरच्या मानेशी तडकतं. ब्रेकसाठी तांबं नको, कितीही जाड असलं तरी.

आमच्या हवेला मी क्युप्रोनिकेल सुचवतो. त्यात साधारण ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल आणि थोडं लोह असतं. ते गंजत नाही, हाताने वळतं, साध्या हत्यारातही फ्लेअर चांगला येतो. स्टीलपेक्षा महाग पडतं, पण किनाऱ्यावर ते पैसे वसूल होतात. खात्रीच्या दुकानातून ब्रेकसाठीचं म्हणून छापलेलं घ्या.

व्हर्निअरने बाहेरचा व्यास मोजा. कारमध्ये बहुतेक ४.७५ मिमी, म्हणजे तीन-षोडशांश इंच. हा पाइप ५ मिमीच्या डायमध्ये धरला तर सरकणारच. ६ मिमी आणि पाव इंच (६.३५ मिमी) यांचीही अशीच गल्लत होते. प्लास्टिकचं आवरण असलेला पाइप असेल तर डायमध्ये जाईल तेवढ्या लांबीवरून ते सोला, नाहीतर पकड आवरणाला बसते आणि धातू आतून सरकतो.

सातवी: हत्यार

इथपर्यंत येऊन फ्लेअरच वाकडा निघाला असेल, तर आता हत्याराकडे वळायचं. दुकानात डब्यात किती नग आहेत ते मोजू नका. तीन प्रश्न विचारा: कोणता फ्लेअर, कोणता व्यास, काम टेबलावर की गाडीखाली?

एसीवाल्यांचं फ्लेअरिंग टूल सगळ्यात सहज मिळतं आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. त्याने एकेरी फ्लेअर होतो. एका थराचा ओठ ब्रेकच्या दाबाला तडकतो. ते या कामासाठी वापरूच नका. ३७ अंशांचं हायड्रॉलिक होजवाल्यांचं हत्यारही चालणार नाही. ४५ च्या सीटवर ते फक्त कडेला टेकतं.

पट्टीचं टूल, म्हणजे भोकं असलेल्या दोन पट्ट्या आणि वरून स्क्रूची कमान, डबल फ्लेअरच्या बटणांसह (टोक फुगवणाऱ्या छोट्या ठोकळ्यांसह) मिळतं. स्वस्त आहे. क्युप्रोनिकेलवर टेबलाशी बसून सावकाश केलं तर काम देतं. स्टीलवर मात्र पाइप सरकतो, आणि कमान जराशी तिरकी बसली की एका बाजूला जाड ओठ तयार. विकत घेताना दोन्ही पट्ट्या मिटवून उजेडासमोर धरा. अर्धगोल एकमेकांसमोर नेमके येत नसतील तर ते घेऊ नका.

व्हाइसमध्ये धरायचं टरेट टूल गॅरेजला योग्य. डाय पाइपाला लांबवर धरते, ठोकळ्यातले दांडे क्रमाने फिरवायचे आणि हँडल ओढायचं. स्टीलवरही दहावा फ्लेअर पहिल्यासारखाच येतो. महाग आहे, आणि गाडीत लागलेल्या पाइपावर ते वापरता येत नाही.

गाडीखाली, पाइप न काढता टोक बदलायचं असेल तर ४.७५ मिमीचं मुठीत मावणारं सरळ टूल घ्या. ते एकाच मापाचं असतं, पान्याने पिळतात आणि त्याला सरळ पाइप अगदी थोडा लागतो. हातपंपाचा हायड्रॉलिक संच दोन्हीकडे चालतो आणि स्टीलला सहज वाकवतो; त्यात डबल आणि बबल दोन्हीच्या डाय आहेत ना, ते पाहून घ्या.

माझं मत विचाराल तर: स्वतःच्या एका गाडीचा एकच पाइप बदलायचा असेल तर हत्यार घेऊच नका. कंपनीचा तयार वळवलेला पाइप मागवा, नाहीतर जुना पाइप नमुना म्हणून देऊन टरेट असलेल्या गॅरेजातून बनवून घ्या. हे काम वारंवार येत असेल तर टेबलावर टरेट आणि खिशात ४.७५ चं सरळ टूल, एवढ्यात बहुतेक गाड्या निभावतात.

हत्यार कोणतंही असो, तयारी तीच. नट आधी पाइपात घाला, दोन्ही टोकांचे, तोंडं योग्य दिशेला. करवत नको, छोटा पाइप कटर घ्या आणि प्रत्येक फेरीला अगदी थोडा आवळा, घाईने टोक चेपतं आणि कडक होतं. कानस मारून टोक काटकोनात आणा, आतली-बाहेरची बुरी काढा, चुरा हवेने बाहेर फुंका. पट्टीच्या टूलमध्ये पाइप बटणाच्या पायरीच्या उंचीइतकाच वर ठेवा. टोकाला ताज्या ब्रेक ऑइलचा थेंब लावा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको, त्याने पुढची रबरी सीलं फुगतात. उरलेल्या तुकड्यावर आधी तीन-चार फ्लेअर मारा, आणि ते एकसारखे आले तरच खऱ्या पाइपाला हात लावा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

भोकातली सीट चेपलेली, चरे पडलेली किंवा तिरकी असेल तर चांगला फ्लेअरही गळणारच. ती घासून बरी करायला जाऊ नका; तो भाग बदलायचा की सीट बदलता येते, हे ब्रेकचं काम करणाऱ्याला ठरवू द्या. आटे गेलेले असतील तरी तेच.

एबीएस मॉड्यूलचा सांधा असेल तर स्वतः हात घालू नका. एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या नव्या कारमध्ये एबीएस असतंच, आणि काही गाड्यांत मॉड्यूलमध्ये अडकलेली हवा स्कॅनरने पंप चालवल्याशिवाय निघत नाही.

नट आणि पाइप गंजून एकजीव झाले असतील, नट फिरवताना पाइपही पिळवटत असेल, किंवा एका ठिकाणी गंजून फुटलेल्या पाइपाचा बाकीचा भागही खवल्यांनी भरला असेल, तर तुकडा जोडण्यात अर्थ नाही, पूर्ण लाइन बदलून घ्या. मध्ये रबरी होजचा तुकडा, डाग देणं (सोल्डरिंग) किंवा पाण्याच्या नळाचं कॉम्प्रेशन फिटिंग असं कोणी सुचवलं तर ते गॅरेज बदला. दोनदा नवा फ्लेअर मारूनही सांधा ओला राहिला, तरी तिसऱ्यांदा मारू नका, गाडी दाखवा.

काम झाल्यावर

सीलबंद डब्यातलं नवं ऑइल, गाडीतल्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच, भरा. उघडा राहिलेला डबा हवेतला ओलावा ओढतो. कोकणच्या पावसात तर झपाट्याने. हवा काढायचा क्रम मॅन्युअलमधला पाळा, कारण तिरक्या सर्किटच्या (पुढचं एक चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका लाइनवर असलेल्या) गाड्यांत तो वेगळा असतो. मग इंजिन चालू करून पेडल पूर्ण जोराने अर्धा मिनिट दाबून धरा आणि प्रत्येक नट परत टिश्यूने टिपा. आवारात पायी चालण्याच्या वेगाने दोन-चारदा ब्रेक मारून बघा. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी कोरड्या बोटाने नट चाचपा, डबीची पातळी बघा. पहिल्या आठवड्यात हे दोन-तीनदा करा. पाइप क्लिपांत परत नीट बसलाय आणि चाक वळवल्यावर कुठे घासत नाही, हेही तेव्हाच बघून घ्या.